दुरुस्तीतून बाहेर

मी कागदावरच्या सातव्या शब्दावर बोट ठेवलं आणि मोरा झहावाने सातव्यांदा तेच उत्तर दिलं, "लेताकेन."

मेंड म्हणजे लेताकेन. फिक्स म्हणजे लेताकेन. रिपेअर तर लेताकेनच. मोडलेली खुर्ची, फाटकी पिशवी, बंद पडलेलं घड्याळ, वाईट चालीचा माणूस, सगळ्यांना हिब्रूत एकच क्रियापद. मी मराठीच्या रकान्यात सांधणे, रफू करणे, ठिगळ लावणे, डागडुजी करणे, ठाकठीक करणे असं भराभर लिहीत होतो आणि मनातल्या मनात थोडा फुशारलोही होतो. बियॉन्ड रिपेअरला मात्र त्यांनी जरा विचार करून 'लेलो ताकाना' असं दिलं. ते ऐकायला प्रार्थनेतल्यासारखं वाटलं. मी त्याच्यापुढे 'दुरुस्तीपलीकडचे' असं लिहिलं.

मोरा म्हणजे बाई, शिक्षिका. झहावाबाई रुमानियाहून आलेल्या. इस्राएलच्या वाळवंटातल्या आमच्या त्या नव्या गावात, बीरशेबापासून बसने तासाभरावर, त्या आम्हा नवख्यांना हिब्रू शिकवायच्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मला इंग्रजी वाचता यायचं आणि हिब्रू मोडकंतोडकं बोलता यायचं. कागदावर डाव्या बाजूला इंग्रजी होतं, मधल्या रकान्यात हिब्रू यायचं होतं आणि उजवीकडे माझं मराठी.

यादी इंजिनिअर लेव्हिनची होती. गावाबाहेरच्या सूतगिरणीत तो चार महिन्यांपूर्वी दक्षिण आफ्रिकेहून आला होता. महिन्याभरापूर्वी कापूस पिंजायच्या यंत्रात एका मोरोक्कन कामगाराची चार बोटं गेली. यंत्र बिघडलं आहे हे लेव्हिन लांबून इंग्रजीत ओरडून सांगत होता आणि तो कामगार हसून मान हलवत होता. त्यानंतर लेव्हिनने मला स्टोअरमधून बोलावून घेतलं. गिरणीत आम्ही तीसेक जण मराठी बोलणारे, रायगडाच्या किनाऱ्यावरून, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून आलेले बेने इस्राएल ज्यू. त्यांतल्या निम्म्यांना हिब्रू वाचता येत नव्हतं. लेव्हिनचं म्हणणं असं, की दुरुस्तीच्या कामात लागणारे चाळीस शब्द आणि वाक्प्रयोग तीन भाषांत भिंतीवर लावायचे आणि त्यातल्या चार महत्त्वाच्यांच्या पत्र्याच्या पाट्या करायच्या. यंत्रावर पाटी टांगली की कुणाला काही विचारायला नको. तो म्हणाला होता, अखेर मला इंग्रजी समजणारा माणूस मिळाला.

हे वाक्य मी दोन दिवस मनात घेऊन फिरत होतो. मी चोवीस वर्षांचा होतो आणि माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं.

चाळिसातले शेवटचे दोन राहिले. इन रिपेअर आणि आऊट ऑफ रिपेअर. हे प्रयोग माझ्या वाचनात आले नव्हते, की आले असतील आणि मी पुढे गेलो असेन, सांगता येत नाही. पण अवघड वाटले नाहीत. इन म्हणजे आत. यंत्र दुरुस्तीच्या आत आहे, म्हणजे दुरुस्तीत आहे. मी बाईंना हातवारे करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बेतिकून." मी लिहिलं. मग आऊट ऑफ रिपेअर. मी खुर्चीवरून उठलो, दारापर्यंत गेलो आणि बाहेर पडून दाखवलं.

बाई हसल्या. "दवाखान्यातून बरा होऊन बाहेर आला, तसं?"

"केन," मी म्हटलं. केन म्हणजे हो.

"मग त्याला म्हणायचं ताकीन. व्यवस्थित, चालू, वापरा." त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हे इंग्रजी तुला नक्की कळलं आहे ना? तुमच्या इंजिनिअरला एकदा विचारून घे."

"केन."

"केन म्हणजे कळलं, की केन म्हणजे विचारतो?"

"केन," मी म्हटलं.

मी विचारलं नाही. समोर उभं राहिलं की लेव्हिन घड्याळाकडे बघायचा आणि मला वाक्य सुरू करायलाच वेळ लागायचा. शिवाय त्याला इंग्रजी समजणारा माणूस मिळाला होता. त्या माणसाने जाऊन दोन सोपे शब्द विचारायचे हे मला जमण्यासारखं नव्हतं. मराठी रकान्यात मी 'इन रिपेअर'पुढे 'दुरुस्तीत आहे, वापरू नये' असं लिहिलं आणि 'आऊट ऑफ रिपेअर'पुढे 'दुरुस्त झाले आहे, वापरावे'.

मी तेव्हा बिन्नूमामांकडे राहत होतो. बिनयामीन चेऊलकर, माझ्या आईचे लांबचे भाऊ, रेवदंड्याचे. पंचवीस वर्षं ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. त्यांच्याबद्दल लोक सांगायचे की हा माणूस साच्याला, म्हणजे मागाला, कान लावतो आणि कुठला दात झिजलाय ते सांगतो. इथे आल्यावर त्यांना दोन वर्षं टेकडीवर झाडं लावायला खड्डे खणावे लागले. ते खड्डे त्यांनी कुरकुर न करता खणले, पण संध्याकाळी घरी आल्यावर हात धुताना ते हातांकडे बघत बसायचे. लेव्हिनने आल्याआल्या त्यांना एका बिघडलेल्या यंत्राशी उभं केलं आणि अर्ध्या तासात ते यंत्र चालू झालं. तेव्हापासून मामा पुन्हा फिटर होते. कायम होण्याची चिठ्ठी मात्र सहा महिन्यांनी मिळणार होती आणि त्यातले चार झाले होते.

मामांना हिब्रू आलं नाही. ते म्हणायचे, माझं तोंड रेवदंड्याच्या बाहेर वळतच नाही, मी काय करू. माझ्या यादीची वाट त्यांच्याइतकी कुणीच पाहत नव्हतं. गुरुवारी मी यादी गिरणीच्या भिंतीवर लावून, पाट्या रंगवून घरी आलो तेव्हा त्यांनी मला त्या सगळ्या ओळी मराठीत वाचायला लावल्या आणि डोळे मिटून ऐकल्या.

"आता मला कुणाच्या बापाला विचारायची गरज नाही," ते म्हणाले. "पाटी वाचायची, हात घालायचा."

येमिमामामी वालाचं बिरडं सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही. "आरोन," ती म्हणाली, "हा वाचून हात घालणार आहे. तू नीट लिहिलंयस ना?"

मी म्हटलं, हो.

"त्या मोरोक्कनाची बायको रोज माझ्या खिडकीखालून जाते. नवऱ्याच्या शर्टाच्या गुंड्या तिलाच लावाव्या लागतात म्हणे."

मामा म्हणाले की बाई, तुझ्या नवऱ्याला गुंड्या लावायला बायको लागणार नाही, आणि पोराला नको घाबरवू, त्याचं अक्षर बघ, छापल्यासारखं आहे. मामीने खरोखरच हात पुसले, कागद घेतला आणि अक्षर बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने कागद परत दिला आणि पुन्हा वाल सोलायला लागली.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर घर झोपलं. मी बाहेरच्या खोलीत एक इंग्रजी पुस्तक घेऊन पडलो होतो. मुंबईच्या फूटपाथवर घेतलेलं, कव्हर गेलेलं, कुणा साहेबाच्या घोड्यावरच्या प्रवासाचं. ते मी आधी दोनदा वाचलं होतं. त्यात एका नदीवरचा लाकडी पूल येतो. साहेब लिहितो की पूल आऊट ऑफ रिपेअर होता आणि म्हणून वर्षभर त्यावरून एकही गाडी गेली नव्हती.

मी ते वाक्य ओलांडून पुढे गेलो. मग परत आलो.

मी स्वतःला सांगून पाहिलं की पूल दुरुस्तीतून बाहेर आला होता, नवा होता, म्हणून अजून गाड्या सुरू झाल्या नव्हत्या. पण वर्षभर? मग मनात आलं, छापण्यात चूक असेल. मी पानं उलटत गेलो. चाळीस पानांनंतर साहेब एका सरायीत उतरतो. सराय जुनी होती, पण इन गुड रिपेअर, छप्पर कुठेही गळत नव्हतं. म्हणजे मी दोन्ही उलटे लिहिले होते.

मला आठवतं की मी पुस्तक फार हळू मिटलं, जणू आतलं कुणी जागं होईल. आतल्या खोलीत मामा घोरत होते.

मी चपला घातल्या आणि निघालो. इंजिनिअरांची घरं गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. रस्त्यावर कुणी नव्हतं, उन्हाने डांबर मऊ झालं होतं आणि चपलेला चिकटत होतं. वाटेत मी इंग्रजी वाक्य जुळवत होतो. सर, देअर इज अ स्मॉल मिस्टेक. स्मॉल म्हणावं की नको यावर माझा निम्मा रस्ता गेला.

लेव्हिनच्या व्हरांड्यात पाहुणे होते. पाच-सहा जण, हातात पेले, ग्रामोफोनवर गाणं. लेव्हिन काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. मी कुंपणाशी उभा राहिलो. त्याच्या बायकोचं लक्ष गेलं. ती पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आली आणि काय हवं आहे असं अगदी चांगल्या आवाजात तिने विचारलं.

"शब्बात शालोम," मी म्हटलं.

तीही तसंच म्हणाली आणि थांबली. तिने खरंच वाट पाहिली. आज मला वाटतं, ती पुष्कळ वेळ थांबली. मी म्हटलं की काही नाही, सहज फिरायला आलो होतो. ती हसली आणि परत गेली. मला पाठीमागून कुणाचा तरी प्रश्न ऐकू आला आणि तिचं उत्तर, की कुणी नाही, गिरणीतला आहे एक.

घरी मी मामांनाही काही सांगितलं नाही. ठरवलं की उद्या सकाळी लवकर जायचं, लेव्हिनला गाठायचं, पाट्या स्टोअरमधून काढून घ्यायच्या. पाट्या अजून कशावर टांगलेल्या नव्हत्या, स्टोअरच्या फळीवर होत्या. एका दिवसात काय होतंय, असं मी म्हटलं. मोठ्याने नाही.

रविवारी आमचा आठवडा सुरू होतो. मामांची पाळी लवकरची असे, ते पहिल्या बसने गेले होते. मी दुसऱ्या बसने, सहाच्या सुमारास पोचलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, लेव्हिनसाहेब पहाटेच गाडी घेऊन हैफाला गेला, कसला तरी सुटा भाग आणायला, संध्याकाळपर्यंत येईल. कशाचा भाग ते त्याला माहीत नव्हतं. जाण्याआधी साहेब आत येऊन काहीतरी टांगून गेला, एवढं त्याने पाहिलं होतं.

मी स्टोअरचं कुलूप काढलं; दुसरी किल्ली लेव्हिनकडे असायची. फळीवर तीनच पाट्या होत्या. आऊट ऑफ रिपेअर नव्हती.

मी पिंजण खात्यात गेलो, तिथे नाही. सूत कातायच्या लांब खोलीत यंत्रांच्या दोन रांगांमधून गेलो, तिथे नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. मग मी मागच्या अंगणाकडे पळालो. तिथे माल चढवायची लिफ्ट होती. तीन बाजूंनी लोखंडी जाळी, पुढे सरकतं दार, दोन मजले वर जाणारी. ती फक्त मालासाठी होती, पण जड भाग नेताना तो हलू नये म्हणून फिटर सोबत आत उभा राहायचा. सगळेच तसं करायचे.

पाटी लिफ्टच्या दारावर टांगलेली होती. माझ्या हाताची, काळ्यावर पांढरी, तीन ओळी. बिन्नूमामा एक मोटर लाकडी फळीवरून सरकवत आत घेत होते.

मी पाटी आकड्यातून काढली. "मामा, हिच्यात उभे राहू नका. ही पाटी चुकलीय."

मामांनी मोटर सोडली नाही. "कोणी लिहिली?"

"मी."

"टांगली कोणी?"

"लेव्हिनसाहेबाने."

"त्याच्या आईची भाषा काय?"

"इंग्रजी."

"मग वाचून टांगली असेल ना त्याने? की डोळे मिटून?"

मी सांगायला लागलो की त्याने इंग्रजी ओळ वाचली, खालच्या दोन ओळी त्याला कळत नाहीत, त्याचा अर्थ वेगळा आणि आपला वेगळा. पण माझी वाक्यं एकात एक अडकली. मामा एक पाय फळीवर ठेवून ऐकत होते. मोटरखालचं लाकूड करकरलं.

"तुला हे आज सकाळी कळलं?"

"काल. एका पुस्तकात वाचलं."

"पुस्तकात माझी लिफ्ट होती?"

"नाही. पूल होता."

"मग आपण पुलावरून नको जाऊया," मामा म्हणाले आणि हसले. त्यांचं हसणं मोकळं होतं, त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मला जास्त लाज वाटली.

मी बटणाकडे बोट दाखवलं आणि विचारलं की हे बंद होतं की चालू. मामा म्हणाले, बंद होतं, मी चालू केलं. दुरुस्ती करताना बंद केलं असणार आणि मग साहेब चालू करायला विसरला, पाटी लावून गेला. त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर माझ्या पाटीतून निघत होतं. वर मोटरची वाट बघणारे ओरडत होते. मामांनी मोटर मागे सारली, लिफ्टच्या खांबाला कान लावला, रिकामी लिफ्ट हातभर वर घेतली, खाली आणली, पुन्हा कान लावला.

"जरा खर्रखर्र आहे. ती पहिल्यापासूनची," ते म्हणाले. "बाजूला हो."

ते मोटर घेऊन वर गेले. मी पाटी छातीशी धरून खाली उभा राहिलो आणि लिफ्टचा तळ वर जाताना बघत राहिलो. काही झालं नाही. वर दार सरकलं, माणसांचे आवाज आले, मोटर ओढून घेतल्याचा आवाज आला. मग लिफ्ट खाली आली. मामा आतून बाहेर आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले, की बघ, सगळा आहे.



"पाटी जागेवर लाव," ते म्हणाले. "साहेब येईल आणि पाटी दिसली नाही तर तुझंही जाईल आणि माझंही. मला पुन्हा टेकडीवर नाही जायचं, आरोन."

इथपर्यंत मी हे दोन-तीन जणांना सांगितलं आहे. इथून पुढचं नाही.

मी मामांच्या सांगण्यावरून पाटी लावली असं म्हणता येईल. पण मी हातात पाटी घेऊन थोडा वेळ उभा होतो आणि त्या वेळात मी विचार करत होतो. पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं, तेव्हाचं इंग्रजी वेगळं असेल. लेव्हिन इंग्रजांच्या शाळेत शिकलेला, यादी त्याने दोनदा पाहिली होती. लिफ्ट वर जाऊन खाली आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पंचवीस वर्षांच्या फिटरने कान लावून पाहिलं. मी कोण, फूटपाथवरची पुस्तकं वाचणारा. मला आठवतं की हे पटल्यावर मला बरं वाटलं. मी पाटी आकड्यात अडकवली आणि ती वाकडी राहिली होती ती सरळही केली.

दुसऱ्या खेपेला लोखंडी गिअरपेटी होती, मोटरीपेक्षा जड. मी मामांना ती आत सरकवायला मदत केली. ते तिला टेकून उभे राहिले आणि दार ओढून घेतलं. जाताना म्हणाले की स्टोअरमध्ये जा, तुझ्या नावाने लोक बोंबलत असतील.

मी चार पावलं गेलो असेन. वरून एक आवाज आला, वीणेची तार तुटावी तसा, पण फार मोठा. मग तारेचा दोर जाळीवर आपटत खाली येताना ऐकू आला आणि मग लिफ्ट.

धूळ खूप होती. जाळी वाकून दार निखळलं होतं. गिअरपेटी आडवी झाली होती आणि मामांचा डावा पाय तिच्याखाली होता. ते ओरडत नव्हते. पाटी दारासकट माझ्या पायाशी पडली होती, अक्षरं वर.

मी आधी पाटी उचलली.

शर्टाच्या आत, पोटाशी सरकवली, पत्रा गरम होता. मग मी मामांकडे वाकलो. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते आणि केव्हापासून बघत होते ते मला माहीत नाही. मग लोक आले.

बीरशेबाच्या इस्पितळात त्यांचा पाय गुडघ्याखाली काढला. मामी इस्पितळाच्या बाकावर दोन दिवस बसून होती. तिने मला काहीच विचारलं नाही. मी आणलेला चहा मात्र ती घेत होती. गिरणीतल्या भिंतीवरची यादी मी त्याच दुपारी उतरवली होती आणि दुसरी लावली होती, शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करून. अक्षर तेच होतं. कुणाला कळलं नाही. पाटी माझ्या ट्रंकेत होती, कपड्यांच्या खाली.

लेव्हिन तर हादरून गेला होता. दोराचे पदर तुटायला आले आहेत हे त्याला शुक्रवारी दिसलं होतं. शनिवारी दुकानं बंद, म्हणून रविवारी पहाटे तो हैफाला नवा दोर आणायला निघाला होता. जाताना बटण बंद करून त्याने पाटी टांगली होती, आऊट ऑफ रिपेअर, आणि आता तो प्रत्येकाला विचारत होता की पाटी गेली कुठे. त्याने मलाही विचारलं. मी म्हटलं, मी स्टोअरमध्ये होतो.

तिसऱ्या दिवशी सरकारी कामगार खात्याचा एक माणूस चौकशीला आला. मामांना हिब्रू येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. लेव्हिनने दुभाष्या म्हणून मला नेलं.

खोलीत चार खाटा होत्या आणि मामा खिडकीकडच्या खाटेवर. चादर डाव्या बाजूला लवकर सपाट होत होती. अधिकारी कागद मांडीवर घेऊन बसला. त्याला इंग्रजी येत होतं. लेव्हिन भिंतीशी उभा राहिला. मी दोघांच्या मध्ये, खाटेच्या पायथ्याशी.

अधिकाऱ्याने नाव विचारलं, मी मराठीत विचारलं, मामांनी सांगितलं, मी पलीकडे दिलं. वय. गाव. किती वर्षं काम. मामा आवाज न चढवता सावकाश बोलत होते.

मग लेव्हिन पुढे आला. "त्याला विचार," तो म्हणाला, "लिफ्टवर पाटी होती की नाही."

मी मामांकडे वळलो. "मामा, ते विचारतायत, पाटी होती का."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठे आहे ती?"

"ट्रंकेत."

"मामीच्या हाताला लागेल अशी?"

"नाही. खाली आहे."

"काय म्हणतो?" लेव्हिनने विचारलं. मी म्हटलं, आठवतोय.

"ऐक," मामा म्हणाले. ते अधिकाऱ्याकडे बघत बोलत होते, जणू त्यालाच सांगत होते. "सांग त्यांना, पाटी होती. लिफ्ट बिघडलीय, वापरू नये, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी वाचली. मला घाई होती, म्हणून काढून कचऱ्यात फेकली आणि बटण चालू केलं."

"मामा, असं नका."

"तुला मी विचारलं नाही. तू मधला माणूस आहेस ना? मग इकडचं तिकडे कर."

"ते तुमच्या नावावर निष्काळजीपणा लिहितील. तुम्हाला पुन्हा फिटर म्हणून कुणी घेणार नाही."

मामांनी चादरीकडे पाहिलं. "आता एका पायावर कसला फिटर. तुला अजून पुष्कळ वर्षं काढायचीयत इथे, आणि तुला धड बोलता येत नाही. त्यांनी तुला विचारलं तर तू सगळं सांगून बसशील." ते थोडे थांबले. त्यांचा ओठ किंचित हलला, हसल्यासारखा. "आता तरी सरळ बोल. वाक्य मध्ये सोडू नकोस."

मला वाटतं मी रडेन असं त्यांना दिसलं, कारण ते एकदम तोंड खिडकीकडे वळवून म्हणाले, "आणि बिघडलीय याला इंग्रजीत काय म्हणतात ते आता येतं ना तुला?"

लेव्हिनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढं काय बोलतोय तो? पाटी होती का?"

मी त्याच्याकडे वळलो. अधिकाऱ्याने पेन उचललं होतं. मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि सावकाश, एक एक वाक्य पूर्ण करत सांगितलं. पाटी होती. तिच्यावर आऊट ऑफ रिपेअर असं होतं. या माणसाने ती वाचली, त्याला ती नीट समजली, घाई होती म्हणून त्याने ती स्वतः काढून टाकली. लेव्हिनने डोळे मिटले आणि श्वास सोडला. अधिकाऱ्याने शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं आणि त्याने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझ्या इंग्रजीत एकही चूक नव्हती.